पंढरीचे महाद्वार आणि आपली श्रद्धा

धर्मनिष्ठ समाजाच्या आयुष्यात असा एखादा प्रसंग हटकून येतो की, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एखादी रीत सोडावी की धरून ठेवावी, असा प्रश्न त्याच्या दाराशी येऊन उभा राहतो. त्या वेळी समाजाचे दोन भाग पडतात. एक भाग म्हणतो, रीत गेली की धर्म गेला. दुसरा म्हणतो, ही रीत राहिली तर धर्म जाईल. दोघेही मनापासून बोलत असतात आणि दोघांच्याही हृदयात देव असतो. म्हणूनच अशा प्रसंगी केवळ तर्काने निर्णय होत नाही. तेथे इतिहासाची साक्ष काढावी लागते. प्रस्तुत लेखात पंढरपूरच्या श्रीविठ्ठल मंदिराचे दार सर्वांना खुले झाले, त्या घटनेची साक्ष ज्ञातिबांधव आणि भगिनींपुढे ठेवण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे. ही साक्ष आज का काढावीशी वाटली, हे लेखाच्या उत्तरार्धात स्पष्ट होईल.

पंढरपूरचे देऊळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पूर्वेकडील महाद्वार आणि त्याची पहिली पायरी ठाऊक आहेच. ती नामदेव पायरी. संतशिरोमणी नामदेव महाराजांनी शके १२७२ म्हणजे इ. स. १३५० मध्ये येथे समाधी घेतली, असे परंपरा सांगते. देवाच्या दर्शनास जाणाऱ्या प्रत्येक भक्ताचे पाऊल आधी आपल्या मस्तकावर पडावे, हा त्यामागचा भाव. याच पायरीसमोर, देवळाबाहेर, चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबांना देह ठेवावा लागला, ते साल १३३८. त्यांच्या अस्थी नामदेवांनी शोधून आणल्या व महाद्वारापुढे त्यांची समाधी बांधली. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी ऐकू आला, त्याच चोखोबांच्या, ही कथा लहानपणी आपण सर्वांनी ऐकलेली आहे.

या दोन समाध्यांकडे नीट पाहिले तर सारा इतिहास तेथेच लिहिलेला दिसतो. नामदेव पायरीत आहेत आणि चोखोबा पायरीच्या बाहेर आहेत. संतांनी चोखोबांना आलिंगन दिले, त्यांचे अभंग आपल्या भजनात घेतले. सोयराबाई, निर्मळा, बंका आणि कर्ममेळा या त्यांच्या परिवारालाही संतमाळेत स्थान दिले. परंतु देवळाचा उंबरा मात्र त्यांना ओलांडता आला नाही. वाळवंटात सारे समान होते, देवळात नव्हते. भजनात जे मान्य झाले, ते व्यवहारात उतरण्यास पुढे सहा शतके जावी लागली. १३३८ ते १९४७ म्हणजे सहाशे नऊ वर्षे! एवढा काळ चोखोबांची समाधी त्या दाराकडे पाहत राहिली.

पंढरपूरचा प्रश्न इतर देवस्थानांहून अधिक नाजूक होता, याचे कारण तेथील दर्शनाची रीत होय. पुष्कळ मोठ्या क्षेत्रांत भक्ताने दुरून हात जोडावे असा प्रघात आहे. पंढरीस तसे नाही. येथे भक्त गाभाऱ्यात जातो आणि प्रत्यक्ष देवाच्या चरणांवर मस्तक ठेवतो. पदस्पर्शदर्शन हे पंढरीचे वैभव आहे. त्यामुळे येथे दार उघडणे म्हणजे केवळ सभामंडपात येऊ देणे नव्हे, तर देवाला स्पर्श करू देणे असा अर्थ होता. स्पर्शालाच ज्या व्यवस्थेने दोष मानले, तिच्या दृष्टीने याहून मोठा बदल तो कोणता? शिवाय मंदिराची व्यवस्था वंशपरंपरेने बडवे मंडळींकडे, रुक्मिणीमातेची उत्पातांकडे, आणि पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे, दिवटे अशा सेवाधारी घराण्यांकडे वाटलेली होती. रूढी, हक्क आणि उपजीविका यांची अशी घट्ट वीण तेथे पडलेली होती.

या दाराआधी महाराष्ट्रात दुसरी दारे ठोठावली गेली होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह प्राशन केले. १९२९ साली पुण्यास पर्वतीचा सत्याग्रह झाला. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या निष्ठावंत कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे चालविला. लोकांनी मार खाल्ला, तुरुंगवास सोसला, परंतु रामरायाचे दार उघडले नाही. रत्नागिरीस १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले. भागोजीशेठ कीर यांचे द्रव्य आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांची प्रेरणा यांतून झालेले हे देऊळ प्रथमपासूनच सर्व हिंदूंसाठी खुले होते. त्रावणकोरच्या महाराजांनी १२ नोव्हेंबर १९३६ रोजी घोषणा काढून संस्थानातील मंदिरे खुली केली. परंतु महाराष्ट्राचे हृदय जे पंढरपूर, ते बंदच होते.

ते उघडण्याचा ध्यास घेतला साने गुरुजींनी. श्री. पांडुरंग सदाशिव साने हे हाडाचे शिक्षक. अमळनेरच्या शाळेत त्यांनी सहा वर्षे मुले शिकविली आणि पुढे स्वातंत्र्यलढ्यात अनेक वेळा तुरुंग पाहिला. देशाचे स्वातंत्र्य दाराशी येऊन ठेपले असता गुरुजींच्या मनाला एकच शल्य बोचत होते : परक्यांची सत्ता जाईल, पण आपल्याच भावाला देवाच्या दाराबाहेर उभे करणारी सत्ता राहील काय? त्यांनी उपोषणाचा संकल्प केला. सेनापती बापट प्रभृती ज्येष्ठांच्या आग्रहावरून त्यांनी तो काही महिने लांबणीवर टाकला आणि प्रथम लोकमत जागृत करण्यासाठी महाराष्ट्रभर दौरा काढला. १९४७ सालच्या आरंभीचे ते महिने. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक त्यांच्याबरोबर असे. गावोगावी सभा होत, मेळे होत, गाणी होत. आणि गुरुजींचे हृदय हेलावणारे शब्द ऐकून कित्येक गावांनी आपली देवळे आणि आपल्या विहिरी तेथल्या तेथे खुल्या केल्या.

हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. गुरुजी एकदम पंढरीच्या दाराशी जाऊन बसले नाहीत. आधी गावची विहीर, मग गावचे देऊळ आणि शेवटी पंढरी. समाजाला एखादी मोठी पायरी चढावयास सांगायची असेल, तर लहान पायऱ्या आधी चढवून घ्याव्या लागतात, हे शिक्षकाखेरीज दुसऱ्या कोणास इतके चांगले कळणार?

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणास प्रारंभ झाला. गुरुजींना जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात. तनपुरे महाराज हे वारकरी संप्रदायातीलच कीर्तनकार. म्हणजे बदलाची मागणी करणाऱ्याला आसरा मिळाला तो संप्रदायाच्या बाहेर नव्हे, संप्रदायाच्या घरातच. विरोधही कडवा होता. साने यांनी भीमेपलीकडे चालते व्हावे, विठ्ठलाचे दार उघडणार नाही, अशा अर्थाच्या घोषणा रस्त्यांतून झाल्या. गांधीजींनाही हे उपोषण मान्य नव्हते. त्यांनी ते सोडण्याविषयी तारेने कळविले. ज्या महात्म्याला गुरुजी दैवतासमान मानीत, त्याचीच अशी सूचना आल्यावर त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच करावी. परंतु गुरुजी ढळले नाहीत. अखेर श्री. दादासाहेब मावळणकर पंढरपुरास आले. त्यांनी बडवे मंडळींशी बोलणी केली, मंदिर खुले करण्यास त्यांची मान्यता मिळविली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई सरकारचा मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. स्वातंत्र्याच्या सूर्योदयाआधी तीन महिने पंढरीस पहाट झाली.

आता विरोधकांकडेही सहानुभूतीने पाहिले पाहिजे, कारण इतिहास हा एकाच बाजूने वाचावयाचा ग्रंथ नव्हे. मंदिर खुले होणार असे ठरल्यावर काही सनातनी मंडळींनी मंत्रविधीने मूर्तीतील देवत्व काढून ते घागरीतील पाण्यात उतरविले, असे सांगितले जाते. आज हे ऐकून तरुण मुले हसतील. मला मात्र या कथेत हसण्याजोगे काही दिसत नाही. मला त्यात भय दिसते. आपला देव बाटेल, आपला देव आपल्याला सोडून जाईल, या भयाने व्याकूळ झालेली ती माणसे होती. त्यांची भक्ती खोटी नव्हती. त्यांचा देवावरचा विश्वास मात्र तोकडा पडला. ज्या पांडुरंगाने अठ्ठावीस युगे विटेवर उभे राहून सर्वांची वाट पाहिली, तो एका भक्ताच्या स्पर्शाने निघून जाईल, असे त्यांना वाटले! भक्ती आणि विश्वास यांतील भेद येथे दिसतो. देव आपल्यावाचून कोणाचा नाही असे मानणे निराळे. देव आपल्याला सोडणार नाही असे मानणे निराळे.

पुढे काय झाले? पांडुरंग कोठेही गेला नाही. आषाढीची वारी आटली नाही. उलट दरवर्षी वाढतच गेली. टाळ, मृदंग, वीणा, तुळशीमाळ आणि हरिपाठ यांत यत्किंचितही उणे आले नाही. १९५८ साली पंढरपुरास सर्वोदय संमेलन भरले, तेव्हा विनोबाजी आपल्या परधर्मीय सहकाऱ्यांसह विठ्ठलाच्या दर्शनास गेले. पाचच वर्षांपूर्वी बिहारमधील वैद्यनाथधाम येथे दलित बांधवांसह दर्शनास गेले असता त्याच विनोबांना मार खावा लागला होता. पंढरपुरास मात्र मंदिराच्या मंडळींनीच त्यांना सन्मानाने बोलाविले. अकरा वर्षांपूर्वी ज्या दाराशी उपोषण करावे लागले, तेथून आता निमंत्रण यावे, हा बदल कायद्याने झालेला नाही. तो मनाने झालेला आहे.

पुढचाही इतिहास थोडक्यात सांगतो. १९७३ साली पंढरपूर मंदिरांविषयीचा कायदा झाला, आणि दीर्घकाळ चाललेल्या न्यायालयीन वादानंतर १५ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडवे व उत्पात यांच्या वंशपरंपरागत हक्कांचा दावा अमान्य केला. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेच्या सेवेसाठी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागविले. ज्या गाभाऱ्यात प्रवेशही नव्हता, तेथे पूजेचाही अधिकार खुला झाला.

याच संदर्भात वारीचाही एक दाखला देणे उचित होईल. पालखी सोहळा हा अनादिकालापासून असाच चालत आला, असे आपल्यापैकी अनेकांस वाटते. वास्तविक वारी प्राचीन आहे, पण पालखी ही तुलनेने नवी. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून हा सोहळा सुरू केला. त्यांतच ज्ञानेश्वर माउलींच्याही पादुका असत. पुढे १८३२ साली साताऱ्याकडील आरफळचे हैबतबाबा, जे शिंद्यांच्या पदरी सरदारकी करून परतले होते, त्यांनी माउलींची स्वतंत्र पालखी आळंदीहून नेण्याचा परिपाठ घातला. दिंड्यांचा क्रम, चोपदारांची शिस्त, अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व, हे सारे त्यांच्याच योजनेतून आले. तात्पर्य, आज जी परंपरा आपण प्राणपणाने जपतो, ती कोणे एके काळी नवीच होती, आणि त्या वेळीही कोणीतरी तिच्याकडे साशंकतेने पाहिले असेलच.

आणि अगदी अलीकडचे उदाहरण तर आपण स्वतः पाहिले आहे. २०२० साली महामारीमुळे पायी वारी होऊ शकली नाही. आळंदी आणि देहू येथून प्रस्थान झाले, परंतु पादुका तेथेच राहिल्या, आणि दशमीस, ३० जून रोजी, त्या एस. टी. च्या गाडीने पंढरपुरास नेण्यात आल्या. मोजकेच वारकरी सोबत होते. ज्यांच्या घराण्यात कित्येक पिढ्यांची वारी होती, अशा लाखो माणसांनी त्या वर्षी आपल्या अंगणातच पताका लावली आणि घरच्या देव्हाऱ्यापुढे हरिपाठ म्हटला. पुढल्या वर्षीही तसेच. २०२२ साली वाटा पुन्हा टाळघोषाने भरून गेल्या. दोन वर्षे वाट सुटली, पण वारी सुटली नाही. वारकऱ्याने हे कसे सहन केले? कारण त्याची श्रद्धा वाटेवर नव्हती. वाट ज्याच्याकडे जाते, त्याच्यावर होती.

या इतिहासातून जो बोध घ्यावयाचा, तो मी माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन शब्दांत मांडतो : मूळ, माणूस आणि मुहूर्त.

पहिले मूळ. जो बदल समाजाच्या मूळ श्रद्धेत रुजतो, तोच टिकतो. गुरुजींनी पंढरीस काही परके तत्त्व आणले नाही. संतांनी वाळवंटात जे शिकविले, तेच त्यांनी देवळाच्या दाराशी म्हणून दाखविले. म्हणून कोणताही नवा विचार आला की तो नवा आहे एवढ्यावरून टाकू नये, आणि नवा आहे एवढ्यावरून स्वीकारूही नये. आपल्या संतांच्या शिकवणुकीत त्याचे बीज आहे की नाही, एवढे पाहावे.

दुसरा माणूस. गुरुजींनी विरोधकांना शत्रू मानले नाही. त्यांनी क्लेश दिले ते स्वतःच्या देहाला. मावळणकरांनीही बडवे मंडळींचा अवमान न करता त्यांचे मन वळविले. हरलेल्याला खाली मान घालावयास लावणारा बदल घरात कायमची तेढ ठेवून जातो. समजूत घालून झालेला बदल दोन्ही पक्षांना आपला वाटतो.

तिसरा मुहूर्त, आणि येथे मला थोडे स्पष्ट बोलावे लागेल. पंढरीचे दार उघडले खरे, पण फार उशिरा उघडले. नाशिकच्या दाराशी वर्षानुवर्षे उभे राहून जे परतले, त्यांच्या नेत्याने १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यांना देवळाच्या भिकेची गरज उरली नव्हती. त्यांनी स्वाभिमानाची आणि ज्ञानाची वाट धरली होती. संत गाडगेबाबांनी पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि पुढे तीच वास्तू डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. देवळापेक्षा विद्यालय थोर, हे त्या निरक्षर संताने आधीच ओळखले होते. आपण जेव्हा दार उघडतो, तेव्हा बाहेर कोणी उभे असेलच, असे गृहीत धरू नये. योग्य गोष्टही फार उशिरा केली, तर ती करणाऱ्याच्या पदरी पुण्य पडत नाही, फक्त पश्चात्ताप पडतो.

आता हे सारे या स्मरणिकेत का लिहिले, ते सांगतो. येत्या वार्षिक साधारण सभेपुढे एक विषय मांडण्यात यावयाचा आहे, हे सभासद कुटुंबांस विदित आहेच. ज्ञातीबाहेर विवाह केलेल्या आपल्या मुलामुलींची नावे ज्ञातीच्या कुटुंबसूचीत ठेवावी की नाही, आणि कुलदैवताच्या उत्सवात त्यांना जोडीने पूजेस बसू द्यावे की नाही, हा तो विषय. मुलाचे नाव बहुधा राहते आणि मुलीचे तेवढे गळते, हेही आपण जाणतोच. या प्रश्नावर ज्येष्ठांत तीव्र मतभेद आहेत. काहींना वाटते, यामुळे ज्ञातीचे स्वत्व लोपेल. त्यांचे भय खरे आहे, आणि त्याची थट्टा करणाऱ्या तरुणांशी मी सहमत नाही. ज्यांनी रक्ताचे पाणी करून ही संस्था उभी केली, वसतिगृह चालविले, होतकरू विद्यार्थ्यांस साहाय्य दिले, त्यांना संस्थेची काळजी वाटणारच.

परंतु त्या ज्येष्ठांस, माझ्याच वयाच्या बंधूंस, मी हात जोडून विचारतो : आपली कुलदेवता एवढी दुर्बल आहे काय, की आपल्याच कन्येच्या हातची ओटी घेतल्याने ती आपल्याला सोडून जाईल? जी मुलगी लहानपणी याच उत्सवात फुगड्या खेळली, जिने आजीच्या मांडीवर बसून हीच आरती पाठ केली, ती आज पतीसह व लेकरांसह दूरच्या कोपऱ्यात प्रसादासाठी उभी राहते. बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा २०१७ सालापासून अमलात आहे. त्यामुळे कोणी तिला उघडपणे अडवू शकणार नाही. परंतु कायद्याच्या धाकाने उघडलेले दार निराळे आणि आपण स्वतः पुढे होऊन उघडलेले दार निराळे. १९४७ चे पंढरपूर आणि १९५८ चे पंढरपूर यांत जे अंतर आहे, ते हेच.

आणि मुहूर्ताचाही विचार व्हावा. ही मुले आज उत्सवास येतात, कारण त्यांना अजून हे घर आपले वाटते. त्यांची मुले येतील काय? ज्या नातवंडाचे नाव सूचीत नाही, तो उद्या वर्गणी, वसतिगृह, कुलदैवत यांविषयी आस्था का बाळगील? स्वत्व नावे वगळल्याने राहत नाही. ते आपुलकीने राहते. शंभर कुटुंबांची सूची कोरी करकरीत राखावी की दीडशे कुटुंबांचा उत्सव भरगच्च व्हावा, याचा निर्णय सभेनेच करावयाचा आहे.

तरुण मंडळींसही दोन शब्द. सभेत विजय मिळविण्याच्या ईर्ष्येने येऊ नका. विषय मताला टाकण्यापूर्वी विरोधी मताच्या ज्येष्ठांच्या घरी जा, त्यांच्या पायाशी बसा, त्यांचे ऐकून घ्या. एका वर्षात सर्व साधले नाही, तर या वर्षी नावे सूचीत येऊ द्या, पुढल्या वर्षी पूजेचा विषय घ्या. आधी विहीर, मग गावचे देऊळ आणि शेवटी पंढरी, हा क्रम विसरू नका.

बदल स्वीकारणे म्हणजे श्रद्धा सोडणे नव्हे. आपण मानलेल्या देवावर आपला खरोखर विश्वास आहे की नाही, याची ती परीक्षा असते. पंढरीने ती परीक्षा फार विलंबाने, पण अखेर दिली, आणि पांडुरंग अद्याप विटेवर उभा आहे. आपल्या ज्ञातीवर ती देण्याची पाळी आता आली आहे. कुलदैवत सर्वांना सद्बुद्धी देवो आणि येत्या उत्सवात आपल्या घरचे एकही लेकरू कोपऱ्यात उभे न राहो, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.